ध्रुवीय समुद्राची मोजणी आणि आपला निस्तार

आष्टीच्या पश्चिमेकडून वाहणारी वर्धा नदी आज महसुली नकाशात वर्धा आणि अमरावती या दोन जिल्ह्यांची शीव म्हणून दाखविलेली असते. परंतु १७ डिसेंबर १८०३ रोजी इंग्रजांशी देवगावचा तह होऊन नागपूरकर दुसऱ्या रघूजी भोसल्यांना तिच्या पश्चिमेकडील वऱ्हाडचा मुलूख सोडावा लागला, तेव्हापासून पुढे अर्धशतकभर ती दोन राज्यांमधली सरहद्द होती. अलीकडच्या काठावर भोसल्यांचा अंमल आणि पलीकडच्या काठावर निजामाचा. तहनामा लिहिणाऱ्यांना नदीसारखी सोयीची रेषा क्वचितच लाभते. तरीदेखील गाविलगड आणि नरनाळा हे पश्चिमेकडील किल्ले भोवतालच्या मुलखासह भोसल्यांकडेच राहिले, म्हणजे रेषा ठरली त्याच दिवशी तिचे अपवादही ठरले.

या तहाला बावीस वर्षे झाली असतील नसतील, तोच १८२५ साली इंग्रजांनी रशियाच्या झारशी उत्तर अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यातील हद्दीचा करार केला, आणि अलास्का व आजचा कॅनडा यांच्यामधली रेषा १४१ पश्चिम रेखावृत्तावरून थेट हिममय समुद्रापर्यंत न्यावी असे त्यात नमूद केले. त्या समुद्राच्या तळाशी मालकी सांगण्याजोगे काही असेल, ही कल्पनाच त्या काळी कोणाच्या मनाला शिवणे शक्य नव्हते. पुढे १८६७ साली रशियाने ७२ लाख डॉलरांना अलास्का अमेरिकेस विकले आणि त्या सौद्याबरोबर करारातील हक्कही हस्तांतरित झाले. आज कॅनडाचे म्हणणे असे की, जमिनीवरील रेखावृत्ताचीच रेषा पुढे समुद्रातही सरळ उत्तरेस जाते. अमेरिकेचे म्हणणे असे की, तो दस्तऐवज जमिनीपुरता होता आणि पाण्यात मात्र दोन्ही किनाऱ्यांपासून सारख्या अंतरावरची मध्यरेषा धरली पाहिजे. या दोन रेषांमध्ये बोफोर्ट समुद्राचा सुमारे २१ हजार चौरस किलोमीटरांचा त्रिकोणी तुकडा अडकून पडला आहे. यातील खरी गंमत किनाऱ्यापासून दोनशे सागरी मैलांच्या पलीकडे आहे: कॅनडाच्या बँक्स बेटामुळे मध्यरेषा तेथे पश्चिमेकडे वळते, आणि ज्या पद्धतीचा अमेरिका आग्रह धरते ती पुढे कॅनडाच्या लाभाची ठरते, तर कॅनडाला प्रिय असलेले रेखावृत्त अमेरिकेच्या पथ्यावर पडते! दोघांनी २०२४ साली वाटाघाटींसाठी संयुक्त पथक नेमले, त्यामागे आपापल्या युक्तिवादाची ही दुधारी धार दोघांच्याही ध्यानात आली असणे, हे एक कारण असावे असे वाटते.

समुद्रावर हद्द आखावयाची म्हणजे काय, हे येथे थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे. कारण पाण्यावर ना खुंटी रोवता येते, ना हद्दीचा दगड बसविता येतो. १९८२ साली संमत झालेल्या आणि १६ नोव्हेंबर १९९४ पासून अमलात आलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या सागरी कायदा कराराचे मूळ तत्त्व असे की, समुद्राचा हक्क जमिनीच्या हक्कातून निघतो. ज्याचा किनारा त्याचा समोरचा समुद्र. किनाऱ्याच्या आधाररेषेपासून बारा सागरी मैलांपर्यंत (एक सागरी मैल म्हणजे १,८५२ मीटर) त्या राष्ट्राची पुरी हुकूमत चालते. दोनशे मैलांपर्यंत मासळी, तेल, वायू इत्यादी संपत्तीवर त्याचा अनन्य आर्थिक अधिकार असतो, परंतु परकी जहाजांची ये-जा त्यास अडविता येत नाही. याच्याही पलीकडे, एखाद्या देशाचा भूखंड पाण्याखाली उतरत उतरत समुद्रबूड जमिनीच्या रूपाने दूरवर पसरला असेल, तर तेवढ्या तळावर, काही शर्तींनी साडेतीनशे मैलांपर्यंत आणि क्वचित त्याहूनही पुढे, त्यास हक्क सांगता येतो. मात्र हा हक्क तळापुरता आणि तळाखालच्या संपत्तीपुरता; वरचे पाणी सर्वांना मोकळेच राहते.

हा दावा शाबीत करण्यासाठी एकवीस शास्त्रज्ञांच्या एका आयोगापुढे पुरावा दाखल करावा लागतो: तळाची खोली किती, उताराचा पायथा कोठे, गाळाचे थर किती जाड, आणि पाण्याखालची एखादी पर्वतरांग त्या देशाच्या भूखंडाचाच भाग आहे की स्वतंत्र. ध्रुवीय समुद्रात ही मोजणी करावयाची म्हणजे बर्फफोडी जहाजे पुढे घालून, ध्वनिलहरी तळाशी सोडून त्यांचे प्रतिध्वनी टिपीत, उन्हाळ्याच्या तोकड्या मुदतीत, वर्षानुवर्षे काम करणे होय. आणि एवढे करूनही तो आयोग दोन शेजाऱ्यांमधली तकरार मिटवीत नाही. समुद्रबूड जमीन कोठवर जाते एवढेच तो सांगतो, तिची वाटणी ज्यांची त्यांनी करावी.

२ ऑगस्ट २००७ रोजी आर्तुर चिलिंगारोव यांच्या नेतृत्वाखाली रशियन पाणबुड्या उत्तर ध्रुवाच्या खाली चार हजार दोनशे मीटरांहून अधिक खोल उतरल्या आणि तेथे त्यांनी टायटेनियमचा झेंडा रोवला. जगभरच्या वृत्तपत्रांनी त्या प्रसंगाचा केवढा गाजावाजा केला! कायद्याच्या दृष्टीने पाहिले तर त्या झेंड्याने रशियास एक चौरस फूटही मिळवून दिला नाही, आणि हे रशियन अधिकारीही जाणून होते. कारण त्यांचा खरा दावा डिसेंबर २००१ मध्येच आयोगाकडे दाखल झालेला होता, पुरावा अपुरा म्हणून तो परत आला होता, आणि सुधारून तो पुन्हा दाखल व्हावयास २०१५ साल उजाडले. दाव्याचा कणा म्हणजे लोमोनोसोव पर्वतरांग. सैबेरियाच्या बाजूपासून ध्रुवाजवळून ग्रीनलंड-कॅनडाच्या बाजूपर्यंत सुमारे अठराशे किलोमीटर पसरलेली ही जलमग्न रांग सोव्हिएत संशोधकांना १९४८ साली गवसली. ती आशियाच्या भूखंडाची शेपटी आहे असे रशिया म्हणतो. ग्रीनलंडच्या वतीने डेन्मार्कने डिसेंबर २०१४ मध्ये सुमारे नऊ लाख चौरस किलोमीटरांचा दावा दाखल करून ती ग्रीनलंडचा विस्तार असल्याचे प्रतिपादिले. आणि मे २०१९ मध्ये कॅनडानेही सुमारे बारा लाख चौरस किलोमीटर मागितले. तिन्ही दावे ध्रुवावर येऊन एकमेकांवर चढतात. भूगर्भशास्त्राच्या दृष्टीने तिघांचेही म्हणणे एकाच वेळी खरे असू शकेल, आणि मग प्रश्न पुन्हा वाटाघाटीच्या मेजावरच येईल.

असे प्रश्न तेथे सुटतात, याचा सर्वांत बोधप्रद दाखला बॅरेंट्स समुद्राचा आहे. नॉर्वे मध्यरेषा मागत होता. सोव्हिएत संघ आपल्या १९२६ च्या फर्मानास अनुसरून रेखावृत्ताला धरून चालणारी रेषा सांगत होता. आणि दोहोंमधला सुमारे १ लाख ७५ हजार चौरस किलोमीटरांचा प्रदेश, म्हणजे निम्म्या महाराष्ट्राहून मोठा सागरपट्टा, चार दशके वादात होता. शीतयुद्धाच्या ऐन काळात, जेव्हा त्याच समुद्रातून अण्वस्त्रसज्ज पाणबुड्या जात-येत होत्या, तेव्हा हे दोन देश कॉड माशाविषयी मात्र समजूतदारपणे बोलत राहिले. १९७८ साली त्यांनी एक तात्पुरती व्यवस्था केली: हद्दीचा निवाडा होईपर्यंत ज्याने त्याने आपापल्या मासेमारी जहाजांवर देखरेख ठेवावी, दुसऱ्याच्या जहाजास हात लावू नये. ही व्यवस्था नॉर्वेतील कित्येकांना रुचली नाही. आणि त्या वाटाघाटींत सहभागी असलेला आर्ने त्रेहोल्त नावाचा नॉर्वेचा एक मुत्सद्दी पुढे सोव्हिएत हेर म्हणून १९८५ मध्ये दोषी ठरला, तेव्हा त्या नाराजीस चांगलेच खाद्य मिळाले. तरी व्यवस्था टिकली. वादग्रस्त पट्ट्यात तेलासाठी विहीर खणू नये हा संयमही दोघांनी पाळला, आणि १५ सप्टेंबर २०१० रोजी मुरमान्स्क येथे तहावर सह्या होऊन तो प्रदेश जवळजवळ समसमान वाटला गेला. मासळीची जुनी सहकार्याची पद्धत चालू राहील, आणि तेलाचा साठा रेषेच्या दोन्ही बाजूंस पसरलेला आढळल्यास तो एकत्रच उपसावा लागेल, ही कलमे त्या तहात रेषेइतकीच महत्त्वाची मानली गेली. माझ्या मते ती रेषेहूनही महत्त्वाची आहेत.

जेथे समजूत पटली नाही तेथे न्यायालय आले. ग्रीनलंड आणि यान मायेन यांच्यामधल्या समुद्राचा वाद डेन्मार्कने हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात नेला. यान मायेन हे नॉर्वेचे बेट, हवामान केंद्राचे व लष्कराचे थोडे कर्मचारी सोडले तर तेथे कायमची वस्ती नाही. १४ जून १९९३ च्या निकालात न्यायालयाने आधी मध्यरेषा गृहीत धरली. मग दोन्ही किनाऱ्यांची लांबी मोजली, तेव्हा ग्रीनलंडचा किनारा यान मायेनच्या सुमारे नऊपट भरला, म्हणून रेषा यान मायेनकडे सरकविली. आणि दक्षिणेकडे कॅपेलिन नावाच्या लहानशा माशाचे थवे दोघांनाही न्याय्य रीतीने लाभावेत अशा बेताने तिला वळण दिले. लोकसंख्येचा आणि आर्थिक गरजेचा युक्तिवाद मात्र न्यायालयाने अमान्य केला. हान्स बेटाची कथा याहून हलकीफुलकी: अवघ्या सव्वा-दीड चौरस किलोमीटरांच्या त्या उजाड खडकावर कॅनडाचे आणि डेन्मार्कचे लोक आळीपाळीने जाऊन आपला झेंडा लावीत आणि दुसऱ्यासाठी मद्याची बाटली ठेवून येत. १४ जून २०२२ रोजी तो खडक वाटून घेण्यात आला.

एवढे वाचून वाचक म्हणेल, हे थोरामोठ्यांचे शेजारवाद आहेत, त्यांत आपला काय संबंध? या प्रश्नाचे उत्तर शोधताना वर्धा जिल्ह्यातील माणसास एक जुना दाखला सहज आठवावा. मध्यप्रांताच्या मालगुजारी अमदानीत गावच्या चराईच्या, जळणाच्या आणि वाटेच्या सामायिक हक्कांना निस्तार म्हणत; ते हक्क निस्तारपत्रकात आणि गावचे वहिवाटी रिवाज वाजिब-उल-अर्जात नोंदलेले असत. पडिताला लागून असलेले दोन शेतमालक आपापसांत शिवेसाठी भांडत, फिर्यादी होत, फैसले होत. पण दोघांचीही वहीत जमीन पडिताच्या बाजूने वाढत असली, तर त्या दोघांच्या भांडणात कोण जिंकतो याहून पडीत किती उरते हा प्रश्न ज्याच्याकडे केवळ गुरे आहेत त्याच्या दृष्टीने मोठा असे. सागरी कायद्याने राष्ट्रीय हद्दींच्या पलीकडचा सागरतळ मानवजातीचा सामायिक वारसा ठरविला आहे, आणि ध्रुवीय समुद्रात भारताचे स्थान त्या गुरे राखणाऱ्याचे आहे. रशिया, डेन्मार्क आणि कॅनडा यांचे दावे उद्या मान्य झाले आणि त्यांनी ते सलोख्याने वाटूनही घेतले, तर वृत्तपत्रे त्यास शांततेचा विजय म्हणतील, आणि मध्य आर्क्टिकच्या तळाचा फारच थोडा हिस्सा सामायिक म्हणून शिल्लक राहील.

आपले हात या बाबतीत अगदीच कोरे आहेत असेही नव्हे. गोव्यात वास्कोजवळ हेडलँड सडा येथे राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र १९९८ पासून उभे आहे. दोन्ही ध्रुवांकडे जाणाऱ्या भारतीय मोहिमांची सूत्रे तेथून हलतात. आणि भारताने आपल्या स्वतःच्या समुद्रबूड जमिनीचा जो दावा ११ मे २००९ रोजी दाखल केला, त्यामागच्या मोजणीचा मोठा भारही याच संस्थेने वाहिला. म्हणजे हिंदी महासागरात आपणही शीव पुढे सरकवू पाहणारे शेतमालक आहोत, हे प्रामाणिकपणे ध्यानात ठेवले पाहिजे. ध्रुवाकडे बोट दाखविताना ही गोष्ट विसरली जाते.

ध्रुवाशी आपले नाते दस्तऐवजी आहे, आणि ते शंभर वर्षांहून जुने आहे. ९ फेब्रुवारी १९२० रोजी पॅरिसमध्ये स्वालबार्ड करारावर सह्या झाल्या, तेव्हा ब्रिटिश साम्राज्याचा घटक म्हणून हिंदुस्थानच्या वतीनेही सही झाली. या करारान्वये स्वालबार्ड द्वीपसमूहावर नॉर्वेचे सार्वभौमत्व मान्य झाले, परंतु मोबदल्यात सर्व करारकर्त्या देशांच्या नागरिकांना तेथे आणि त्याच्या प्रादेशिक समुद्रात मासेमारी, खाणकाम वगैरे बाबतींत समान वागणूक मिळावयाची होती. १९२० मध्ये दोनशे मैलांचा समुद्र ही संज्ञाच अस्तित्वात नव्हती. १९७७ साली नॉर्वेने द्वीपसमूहाभोवती दोनशे मैलांचे मत्स्यसंरक्षण क्षेत्र जाहीर केले आणि प्रश्न उपस्थित झाला: समान वागणुकीची शर्त या नव्या पाण्यालाही लागू आहे काय? नॉर्वेचे म्हणणे असे की, ती लागू नाही; रशिया ही भूमिका मानीत नाही. २०१७ साली युरोपीय संघाचा परवाना घेऊन हिमखेकडे पकडणारे एक लाटव्हियन जहाज नॉर्वेने पकडले. २०१९ मध्ये नॉर्वेच्या सर्वोच्च न्यायालयाने, खेकडा तळाला धरून राहणारा असल्याने तो समुद्रबूड जमिनीच्या संपत्तीत मोडतो व नॉर्वेची परवानगी अपरिहार्य आहे, असा निर्णय दिला. आणि २०२३ च्या मार्चमध्ये त्याच न्यायालयाने समान हक्काची शर्त प्रादेशिक समुद्रापलीकडे जात नाही, असा निवाडा केला. निवाडा नॉर्वेच्या न्यायालयाचा असल्यामुळे तो इतर करारकर्त्यांवर बंधनकारक नाही, आणि त्या करारकर्त्यांत भारत आहे. त्याच द्वीपसमूहावर नी-ओलेसुंड येथे जुलै २००८ पासून भारताचे ‘हिमाद्री’ हे केंद्र चालते. तेथील काँग्सफ्योर्डमध्ये २०१४ साली आपल्या शास्त्रज्ञांनी पाण्याखाली एक वेधयंत्रणाही बसविली. खेकड्यात आपल्याला स्वारस्य नसेल. पण ज्या दस्तऐवजावर आपले नाव आहे त्याचा अर्थ कोण लावतो, याविषयी उदासीन राहणे शहाणपणाचे नाही.

दक्षिण ध्रुवाकडे चित्र अगदी पालटते. तेथे जमिनीच्याच मालकीचा निकाल लागलेला नाही, आणि जमिनीवाचून समुद्राचा हक्क उद्भवत नाही. ब्रिटन, फ्रान्स, नॉर्वे, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, चिली आणि अर्जेंटिना या सात देशांनी अंटार्क्टिकाच्या निरनिराळ्या भागांवर मालकी सांगितली आहे. त्यांतील ब्रिटन, चिली आणि अर्जेंटिना यांचे दावे तर एकमेकांवर आरूढ झालेले. भारताने १९५६ साली हा प्रश्न संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेपुढे नेण्याचा प्रयत्न केला, तेव्हा चिली-अर्जेंटिनांनी तीव्र विरोध केला आणि प्रस्ताव मागे घ्यावा लागला. १९५८ चा दुसरा प्रयत्नही फळास आला नाही. अखेर १ डिसेंबर १९५९ रोजी बारा राष्ट्रांनी अंटार्क्टिक करार केला. त्या बारांत आपण नव्हतो. त्याच्या चौथ्या कलमात जुने दावे मान्यही केले नाहीत आणि खारीजही केले नाहीत. करार चालू असेतोवर नवा दावा मात्र कोणी करू नये, एवढे ठरले. मुत्सद्देगिरीच्या इतिहासात इतके चतुर कलम क्वचित सापडेल. आजही ऑस्ट्रेलिया सुमारे बेचाळीस टक्के खंड आपला म्हणतो; २००४ मध्ये त्याने आपल्या समुद्रबूड जमिनीचा दावा आयोगाकडे पाठविला, त्यात अंटार्क्टिकासमोरचा भागही दाखविला, आणि सोबत त्या भागाचा तूर्त विचार करू नये अशी विनंतीही केली! हक्क सोडला नाही असे दिसावे आणि करारही मोडू नये, अशी ही तारेवरची कसरत होती. २००८ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या संघीय न्यायालयाने त्या समुद्रात देवमासे मारणाऱ्या एका जपानी कंपनीस मनाई केली. पण तो समुद्र ऑस्ट्रेलियाचा आहे हेच जपानला मान्य नसल्याने हुकूम कागदावर राहिला.

डॉ. सय्यद झहूर कासिम यांच्या नेतृत्वाखालील पहिली भारतीय मोहीम ६ डिसेंबर १९८१ रोजी गोव्याच्या किनाऱ्यावरून निघून ९ जानेवारी १९८२ रोजी अंटार्क्टिकावर पोहोचली, ती ‘पोलर सर्कल’ नावाच्या नॉर्वेच्या भाड्याच्या जहाजातून. आणि उतरली ती नॉर्वे ज्यास आपले म्हणतो त्या क्वीन मॉड प्रदेशात. नॉर्वेची परवानगी कोणी मागितली नाही, आणि नॉर्वेनेही ती मागावी असे म्हटले नाही. १९८३ साली निघालेल्या तिसऱ्या मोहिमेत नागपुरात जन्मलेल्या सागरशास्त्रज्ञ डॉ. अदिती पंत होत्या. भूशास्त्रज्ञ सुदीप्ता सेनगुप्ता यांच्यासह अंटार्क्टिकावर गेलेल्या त्या पहिल्या भारतीय स्त्रिया. त्याच वर्षी भारत करारात सामील झाला आणि १२ सप्टेंबर १९८३ रोजी त्यास निर्णयाधिकार असलेल्या राष्ट्रांत स्थान मिळाले. आज ‘मैत्री’ हे केंद्र नॉर्वेने सांगितलेल्या प्रदेशात आणि ‘भारती’ हे ऑस्ट्रेलियाने सांगितलेल्या प्रदेशात उभे आहे. आपली तेथे वहिवाट आहे, मालकीचा दावा नाही. १९५६ मध्ये जो शब्द कोणी ऐकून घेतला नाही, त्यास १९८३ मध्ये वजन आले ते बर्फावर केलेल्या प्रत्यक्ष कामामुळे.

हीच गोष्ट उत्तरेकडे घडावयास हवी होती. मे २०१३ पासून आर्क्टिक परिषदेत भारत निरीक्षक आहे. मार्च २०२२ मध्ये आपले आर्क्टिक धोरणही प्रसिद्ध झाले. परंतु आर्क्टिकच्या मध्यभागी दोनशे मैलांच्या पट्ट्यांबाहेर सुमारे अठ्ठावीस लाख चौरस किलोमीटरांचे जे मोकळे पाणी उरते, आणि खालच्या तळाची वाटणी कशीही झाली तरी जे कायद्याने मोकळेच राहावयाचे आहे, त्याच्या व्यवस्थेसाठी ३ ऑक्टोबर २०१८ रोजी ग्रीनलंडमधील इलुलिस्सात येथे एक करार झाला. पुरेसे शास्त्रीय ज्ञान हाती येईपर्यंत तेथे व्यापारी मासेमारी करू नये, असा सोळा वर्षांचा निर्बंध त्याने घातला, आणि २५ जून २०२१ पासून तो अमलात आहे. करार स्तुत्य आहे यात शंका नाही. त्यावर किनाऱ्याच्या पाच देशांबरोबर आइसलंड, युरोपीय संघ, चीन, जपान आणि दक्षिण कोरिया यांच्या सह्या आहेत. चीन, जपान आणि कोरिया यांचा किनारा आर्क्टिकला आपल्याइतकाच लागत नाही; पण त्या सामायिक पाण्याचा वाजिब-उल-अर्ज लिहिला जात असताना ते हजर होते. खरे स्वारस्य असलेल्या इतर राष्ट्रांना निमंत्रण देऊन सामील करून घेण्याची तरतूद त्या करारात आहे. निर्बंधाची पहिली मुदत २०३७ मध्ये संपते. भारताने ते निमंत्रण त्याच्या पुष्कळ आधी, गोव्यातील शास्त्रज्ञांच्या कामाचा हवाला देऊन, मागावयास हवे.